सहा चाकांची टिरेल पी३४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निळी गाडी, मागे दोन धिप्पाड चाकं आणि पुढे एकामागोमाग एक अशी चार छोटी चाकं. टिरेल पी३४ या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीचा फोटो दाखवला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि दुसरा, तिसराही बहुतेक ठरलेलाच. ते सगळे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. या गाडीबद्दल दोन गैरसमज फार पसरले आहेत, एक तिच्या हेतूबद्दल आणि दुसरा तिच्या शेवटाबद्दल. त्या दोन उत्तरांवर मी जरा जास्त रेंगाळलो आहे.

ही गाडी खरोखर शर्यतीत धावली, की नुसती प्रदर्शनासाठी होती?

धावली, आणि चांगली धावली. १९७६ आणि १९७७ या दोन मोसमांत ती ३० फॉर्म्युला वन ग्रां प्रींमध्ये, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या शर्यतींमध्ये, उतरली. एक विजय, एक पोल पोझिशन (सर्वांत पुढून सुरुवात करण्याचा मान) आणि १४ वेळा पहिल्या तिघांत स्थान, अशी तिची कमाई आहे. सहा चाकांवर फॉर्म्युला वन शर्यत जिंकलेली ही एकमेव गाडी.

ती बनवली कोणी?

केन टिरेल यांच्या संघाने. केन टिरेल मूळचे लाकडाचे व्यापारी. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या ऑकहॅमला त्यांची लाकडाची वखार होती आणि त्याच आवारातल्या शेडमध्ये त्यांचा रेसिंग संघ वाढला. जॅकी स्टीवर्ट यांनी १९६९, १९७१ आणि १९७३ ही तिन्ही विश्वविजेतेपदं टिरेल यांच्याच संघातून मिळवली. पहिलं फ्रान्सच्या ‘मात्रा’ कंपनीच्या गाडीत, पुढची दोन टिरेलच्या स्वतःच्या गाड्यांत. त्या गाड्यांचे रचनाकार होते डेरेक गार्डनर आणि पी३४ सुद्धा त्यांचीच. नावातला पी म्हणजे प्रोजेक्ट, क्रमांक ३४.

हे सांगायचं कारण असं की सहा चाकं म्हणजे कुणा हौशी माणसाची लहर होती, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दोन विश्वविजेत्या गाड्या काढलेल्या माणसाने ही तिसरी वाट पूर्ण विचार करून धरली होती.

ही कल्पना त्यांना सुचली कुठून?

गार्डनर आधी फर्ग्युसन कंपनीत चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या यंत्रणेवर काम करत होते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी लोटस संघाने गॅस टर्बाइनवर चालणारी ५६ ही गाडी केली, तिच्यात त्यांचा सहभाग होता. पुढच्या चाकांवर एवढा भार कसा पेलायचा, या विचारात असताना पुढे चार छोटी चाकं लावण्याची कल्पना त्यांच्या डोक्यात आली. ती काही वर्षं तशीच राहिली.

१९७४-७५ पर्यंत परिस्थिती अशी झाली की फेरारी सोडली तर मैदानातल्या बहुतेक गाड्यांत तेच कॉसवर्थ इंजिन, तोच ह्यूलँड गिअरबॉक्स आणि तेच गुडइयरचे टायर. सगळ्यांच्या हातात एकसारखी हत्यारं असताना इतरांपेक्षा मोठी झेप घ्यायची, तर ती रचनेतूनच घ्यावी लागणार होती. गार्डनर यांनी जुनी कल्पना पुन्हा काढली.

चार चाकं पुढे म्हणजे पकड जास्त, हाच हेतू होता ना?

हा पहिला मोठा गैरसमज. पकड आणि ब्रेक हे फायदे होतेच, पण मूळ विचार हवेचा होता.

फॉर्म्युला वनची चाकं उघडी असतात. वेगाने फिरणारं उघडं चाक हवा अडवतं आणि शिवाय स्वतःला वर उचलूही पाहतं. पुढची चाकं अशी वर उचलू लागली की नाक खाली दाबून धरायला पुढच्या पंखाचा (नाकावरच्या आडव्या पट्टीचा) कोन वाढवावा लागतो आणि पंखाचा कोन वाढला की हवेचा रोध आणखी वाढतो. त्या वेळच्या नियमांनुसार पुढच्या पंखाची रुंदी जास्तीत जास्त १५० सेंटीमीटर असू शकत होती. गार्डनर यांनी विचार केला, पुढची चाकं इतकी लहान केली की ती या १५० सेंटीमीटरच्या नाकाआड पूर्ण लपतील, तर? हवा नाकावरून सरळ मागे जाईल, चाकं उचलली जाणार नाहीत, पंखाचा कोनही कमी ठेवता येईल. त्यांच्या हिशोबाने हा फायदा साधारण ४० अश्वशक्तीचं जादा इंजिन बसवण्याइतका होता.

पण दोनच लहान चाकं लावली, तर रस्त्याला टेकणारं रबर फारच कमी पडेल. म्हणून चार. म्हणजे चाकांची संख्या वाढवणं हा उद्देश नव्हता. चाकं लहान करायची होती आणि संख्या त्यापायी वाढली. एवढं लक्षात आलं की गाडीच्या पुढच्या इतिहासाचा उलगडा आपोआप होतो.

इतर गाड्यांना पुढे १३ इंची रिम असे. पी३४ ला १० इंची. टायरसकट चाकाची उंची जेमतेम १६ इंच.

मग सरळ रस्त्यावर ती सर्वांत वेगवान होती का?

अपेक्षेइतकी नाही. पुढची चाकं लपली, पण मागची जवळजवळ २६ इंच उंचीची चाकं तशीच उघडी राहिली. समोरून येणाऱ्या हवेला शेवटी त्यांच्यावरच आदळायचं होतं. मात्र वळणात शिरताना नाक चटकन वळत असे आणि सरळ रेषेत ब्रेक मारताना चार पुढच्या चाकांचा जोर उपयोगी पडे. त्यामुळे फायदा मिळाला खरा, पण जिथे हिशोब केला होता तिथे थोडा आणि दुसरीकडे जास्त.

चार चाकं एकाच वेळी वळवायची कशी?

आपल्याकडे मुंबई-पुणे मार्गावर बारा टायरी ट्रक पाहिले असतील. त्यांच्यातल्या अनेकांना पुढे एकामागे एक असे दोन आस (ॲक्सल) असतात आणि स्टीअरिंग फिरवलं की चारही चाकं वळतात. पी३४ मध्ये तत्त्व तेच, काम मात्र कितीतरी नाजूक. स्टीअरिंगचा रॅक सर्वांत पुढच्या जोडीला जोडलेला होता आणि तिथून जोडदांड्यांनी मागची जोडी वळवली जात होती. दोन्ही जोड्या वळणाच्या केंद्रापासून वेगवेगळ्या अंतरावर असल्यामुळे त्यांचे कोनही नेमके वेगळे ठेवावे लागत. त्यातून प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन, स्वतंत्र ब्रेक. मेकॅनिकांचं पुढच्या बाजूचं काम थेट दुप्पट झालं होतं.

इंजिनसुद्धा वेगळं होतं का?

नाही. तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं फोर्ड कॉसवर्थ डीएफव्ही. इतरांसारखंच.

ती जगासमोर आली तेव्हा काय झालं?

सप्टेंबर १९७५. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या एका हॉटेलात पत्रकारांना बोलावलं होतं. गाडीवर आच्छादन होतं आणि पुढच्या भागात त्याच्याखाली कमानी घातल्या होत्या, म्हणजे आतल्या चाकांचा आकार बाहेरून कळू नये. आच्छादन मागून पुढे सरकवत नेलं. मागची चाकं दिसली, इंजिन दिसलं, बसायची जागा दिसली, सगळं ओळखीचं. मग पुढचा भाग उघडला आणि चार चाकं समोर आली. अनेकांना ती प्रसिद्धीची युक्ती वाटली. पण ऑक्टोबरमध्ये सिल्व्हरस्टोनला गाडीची चाचणी सुरू झाली आणि संघाच्या आधीच्या ००७ या गाडीच्या तुलनेत तिच्या वेळा आशादायक निघाल्या. प्रयोग पुढे न्यायचं ठरलं.

चालवणाऱ्याला ती छोटी चाकं दिसत तरी होती का?

सुरुवातीला नाही. म्हणून बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक खिडक्या बसवल्या. त्यातून ड्रायव्हरला चाकं कुठे आहेत आणि टायर कसे झिजताहेत ते बघता येई. फॉर्म्युला वनच्या गाडीला खिडकी! जुन्या फोटोंत नीट पाहिलंत तर ती लगेच सापडेल.

पहिल्या शर्यती कशा गेल्या?

२ मे १९७६, स्पेनमध्ये हारामा. फक्त पात्रिक देपाये यांच्यासाठी एक पी३४ आणली होती. त्यांनी सरावात तिसरं स्थान मिळवलं. शर्यतीत ब्रेकने दगा दिला आणि गाडी बाहेर गेली. पुढच्या शर्यतीत, बेल्जियममध्ये झोल्डरला, दुसरे ड्रायव्हर जोडी शेक्टर चौथे आले. त्यानंतर मोनाको, म्हणजे अरुंद गल्ल्या आणि एकामागून एक वळणं. तिथे निकी लाउडांच्या फेरारीमागे शेक्टर दुसरे, देपाये तिसरे. तिसऱ्याच शर्यतीत दोन्ही सहाचाकी गाड्या पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, आल्यावर युक्ती, प्रसिद्धी हे शब्द बंद पडले.

आणि तो एकमेव विजय?

१३ जून १९७६. स्वीडनमधलं अँडरस्टॉर्प.

हे सर्किट वेगळंच होतं. सपाट जमीन, विमानांची धावपट्टीच सरळ रस्ता म्हणून वापरलेली आणि लांबलचक, किंचित कललेली, एकसारखी फिरत जाणारी वळणं. अशा वळणात गाडीचं नाक सतत बाहेर रेटलं जाऊ पाहतं. पुढे भरपूर रबर असलेल्या पी३४ ला ते अगदी मानवलं. शिवाय टिरेल संघाचं या जागेशी जुनं नातं होतं. १९७४ मध्ये याच दोघांनी, शेक्टर पहिले आणि देपाये दुसरे अशा क्रमाने, इथली शर्यत जिंकली होती.

शेक्टर यांनी पोल पोझिशन घेतली. शर्यत सुरू होताच लोटसचे मारिओ आंद्रेत्ती पुढे निघून गेले, पण संकेताआधी गाडी हलवल्याबद्दल त्यांना एका मिनिटाचा दंड झाला आणि पुढे तर त्यांचं इंजिनच गेलं. मग मैदान टिरेलचं. ७२ फेऱ्यांनंतर शेक्टर पहिले, सुमारे २० सेकंदांनी देपाये दुसरे, लाउडा तिसरे. गाडीची ही चौथीच ग्रां प्री होती.

आंद्रेत्तींचं इंजिन गेलं म्हणून हा विजय फुकट मिळाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दंडाचा मिनिट धरला तर शेक्टर हिशोबात तसेही पुढे होते. आणि पोल पोझिशन तर त्यांनी निव्वळ वेगावर मिळवली होती.

जाता जाता : दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, याच अँडरस्टॉर्पला ब्रॅबमची पंखा लावलेली गाडी जिंकली आणि पुन्हा कधीच ग्रां प्रीत उतरली नाही. फॉर्म्युला वनच्या दोन सर्वांत जगावेगळ्या गाड्यांचा एकेकच विजय आणि तोही एकाच गावात.

१९७६ चा उरलेला मोसम?

विजय पुन्हा आला नाही, पण दुसरं स्थान मात्र पुन्हा पुन्हा आलं. फ्रान्स, जर्मनी, कॅनडा आणि अमेरिकेतलं वॉटकिन्स ग्लेन अशा चार शर्यतींत पी३४ दुसरी आली आणि चारही वेळा पुढे मॅक्लारेनचे जेम्स हंट होते. ब्रिटनमध्ये हंट नंतर अपात्र ठरले, तेव्हा लाउडा पहिले आणि शेक्टर दुसरे झाले.

कॅनडातल्या मॉस्पोर्टची शर्यत मला सर्वांत जास्त आठवावीशी वाटते. देपाये यांच्या कॉकपिटमध्ये पेट्रोल गळू लागलं. त्या वासाने गुंगी येत असतानाही त्यांनी गाडी शेवटपर्यंत नेली आणि दुसरं स्थान सोडलं नाही. मोसमाची अखेर जपानमध्ये, फुजीच्या प्रसिद्ध पावसात. तिथे आंद्रेत्ती पहिले आणि देपाये दुसरे. जपानी प्रेक्षकांसाठी संघाने ड्रायव्हरांची नावं गाडीवर जपानी लिपीत रंगवली होती.

वर्षअखेर शेक्टर ४९ गुणांसह तिसरे, देपाये ३९ गुणांसह चौथे आणि टिरेल संघ ७१ गुणांसह फेरारी आणि मॅक्लारेननंतर तिसरा. यातले सुरुवातीचे काही गुण जुन्या ००७ चे होते, पण मोठा वाटा पी३४ चाच.

शेक्टर यांना ही गाडी आवडत नव्हती, हे खरं का?

खरं. जिंकूनही त्यांचं मत बदललं नाही. त्यांचा आक्षेप ब्रेकबद्दल होता. सरळ रेषेत चारही चाकं झकास पकडत, पण वळायला सुरुवात करताना ब्रेक सोडावाच लागे, नाहीतर चारांपैकी एखादं चाक अडकून सरकू लागे. मग कागदावरचा फायदा रस्त्यावर उरत नसे. मोसम संपताच ते वुल्फ संघात गेले आणि १९७९ मध्ये फेरारीकडून विश्वविजेते झाले.

देपाये यांचं अगदी उलट. पहिल्या चाचणीपासून ते या गाडीच्या बाजूने उभे राहिले आणि दोन्ही मोसम तीच चालवत राहिले. दोघेही खरं बोलत होते, असं मला वाटतं. गाडीशी जुळवून घेण्याची तयारी असेल त्याला ती देत होती, गाडीने आपल्याशी जुळवून घ्यावं असं वाटणाऱ्याला नाही.

मग १९७७ मध्ये बिघडलं काय?

टायर. मला विचाराल तर या गाडीची सगळी कहाणी या एका शब्दात आहे.

१० इंची पुढचे टायर जगात एकच संघ वापरत होता. १९७७ मध्ये गुडइयर इतर सगळ्यांसाठी नवनवीन टायर काढत राहिली. त्यांतले मागच्या चाकांचे टायर टिरेललाही मिळाले, पण पुढच्या छोट्या टायरवर तेवढं काम झालंच नाही. एका संघाच्या एका गाडीसाठी वेगळं संशोधन किती करणार? परिणाम असा झाला की दर महिन्याला मागची पकड वाढत गेली आणि पुढची जिथल्या तिथे राहिली. जी गाडी चटकन वळण्यासाठी ओळखली जात होती, तीच आता वळणात नाक बाहेर काढू लागली.

दुसरं दुखणं उष्णतेचं. १६ इंची चाक २० इंची चाकाच्या तुलनेत तेवढ्याच अंतरात सव्वापट फेऱ्या मारतं. टायर तापतो, आतला छोटासा ब्रेकही तापतो, आणि रिमच्या आत हवा खेळायला जागा नाही.

संघाने उपाय केले. गाडीचं अंग नव्याने घडवलं, नाक रुंद केलं, पण वजन वाढलं. पकड मिळावी म्हणून पुढच्या चाकांमधलं अंतर वाढवलं. त्याबरोबर चाकं नाकाच्या आडोशातून बाहेर डोकावू लागली. ज्या कारणासाठी ती लहान केली होती, ते कारणच गेलं. ते १९७७ चे फोटो बघताना मला दर वेळी वाईट वाटतं.

शेक्टर यांच्या जागी आलेले स्वीडनचे रॉनी पीटरसन त्या काळातले सर्वांत वेगवान चालवणारे म्हणून ओळखले जात. त्यांना वर्षभरात एकच पोडियम मिळालं, बेल्जियममध्ये तिसरं स्थान. देपाये दक्षिण आफ्रिकेत आणि जपानमध्ये तिसरे, कॅनडात दुसरे. आदल्या वर्षी ७१ गुण मिळवणारा संघ २७ वर आला.

शेवटची शर्यत कोणती?

ऑक्टोबर १९७७, जपानमध्ये फुजी. देपाये तिसरे आले, पण तो दिवस दुःखाचा ठरला. पीटरसन यांच्या पी३४ वर जिल व्हिल्नव्ह यांची फेरारी मागून आदळली, हवेत उडाली आणि मनाई असलेल्या जागेत उभ्या असलेल्या लोकांवर कोसळली. त्यात दोघांचा जीव गेला.

गार्डनर तोवर संघ सोडून गेले होते. १९७८ साठी मॉरिस फिलिप यांनी नेहमीची चार चाकी ००८ केली. देपाये यांनी त्याच गाडीत मोनाको जिंकून आपला पहिला ग्रां प्री विजय मिळवला.

म्हणजे सहा चाकांवर बंदी आली म्हणून पी३४ थांबली नाही?

नाही. हा दुसरा मोठा गैरसमज. पी३४ धावत असताना गाडीला चाकं किती असावीत याबद्दल नियमांत काहीही नव्हतं आणि ती थांबली तेव्हाही नव्हतं. टिरेलने ती आपणहून बाजूला ठेवली. चारच चाकं हवीत हा नियम १९८३ पासून आला आणि त्याचं निमित्त वेगळ्याच सहाचाकी गाड्या होत्या.

वेगळ्या म्हणजे कोणत्या? इतरांनीही प्रयोग केले होते?

केले, आणि बहुतेकांनी जादा चाकं मागे लावली. मोठा अडथळा मागच्या चाकांचा आहे, हे टिरेलच्या अनुभवावरून सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

मार्च कंपनीचे रॉबिन हर्ड यांनी १९७६ च्या अखेरीस २-४-० ही गाडी केली. पुढे दोन, मागे चार आणि सगळी एकाच मापाची. वाफेच्या इंजिनांची चाकं मोजायची जी पद्धत आहे, तिच्यावरूनच हे नाव. गिअरबॉक्सने त्रास दिला, पैसा कमी पडला आणि ती ग्रां प्रीपर्यंत पोचलीच नाही. फेरारीने १९७७ मध्ये मागच्या एकाच आसावर चार चाकं लावून पाहिली, आपल्या ट्रकांना मागे जोड टायर असतात तशी. तीही चाचणीपुरतीच.

सर्वांत पुढे गेली विल्यम्स. टर्बो इंजिनवाल्यांच्या ताकदीला उत्तर म्हणून त्यांनी १९८१-८२ मध्ये मागे चार छोटी चाकं आणि त्या चारही चाकांना इंजिनची ताकद, अशी गाडी तयार केली. हवेचा रोध कमी आणि पकड जबरदस्त. ती शर्यतीत उतरण्याआधीच चार चाकांचा नियम झाला. विल्यम्सवर अन्याय झाला असं माझं मत आहे, पण तो वेगळा विषय.

पी३४ आज कुठे धावते का?

धावते, आणि माझ्या मते तिच्याबद्दलचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर इथेच आहे. जुन्या फॉर्म्युला वन गाड्यांच्या शर्यती युरोपात भरतात. तिथे एक पी३४ पुन्हा उतरवायची ठरली तेव्हा अडचण तीच होती, १० इंची टायर कुणीच बनवत नव्हतं. या वेळी मात्र एव्हन कंपनीने त्या मापाचे नवे टायर खास तयार केले. २००० मध्ये मार्टिन स्ट्रेटन यांनी त्या टायरांवर पी३४ चालवली आणि जुन्या ग्रां प्री गाड्यांच्या त्या वर्षीच्या स्पर्धेचं विजेतेपद मिळवलं, तिच्या काळातल्या चार चाकी गाड्यांना मागे टाकून.